इतर अनेक नातेवाईक

एल्फर्ड पॉम्पी नव्या मासळी बाजाराची फीत कापायला गेला, कात्री हातात घेतली आणि मागच्या खुर्चीत बसला तो पुन्हा उठलाच नाही. त्याला आज चाळीस दिवस झाले. फीत अजून तशीच होती. ती कुणी कापायची यावर काँब बे गावात दोन तट पडले होते, आणि संसदेतली त्याची जागा कुणी घ्यायची यावर त्याच्या घरात तीन.

चाळिसाव्याची प्रार्थना आटोपून घरची मंडळी चर्चमधून परतली आणि टाय सैल करत, बूट काढत व्हरांड्यात बसली. पोटनिवडणुकीची तारीख जाहीर झाली होती. पक्षाचा चिटणीस ऑब्रे क्वॅशी चार वाजता यायचा होता. त्याचं म्हणणं साधं होतं. पॉम्पी घराण्याने एकमताने एक नाव द्यावं, तिकीट घरातच राहील. एकमत नसेल तर राजधानीत, किंग्सटाऊनला, एक तरुण वकील कोट चढवून तयार बसला आहे.

"केंडॉलला उभा करा," धाकटा भाऊ फेस्टस म्हणाला. त्याने भाजलेल्या नीरफणसाची जाड फोड तळलेल्या मासळीसकट तोंडात घातली होती, त्यामुळे पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "चेहरा बघा त्याचा. हुबेहूब एल्फर्ड. जुनीच पोस्टरं चालतील."

"काका, मी बारा वर्षं टोरांटोत आहे," केंडॉल म्हणाला. एल्फर्डचा हा एकुलता एक मुलगा, निदान लोकांसमोर एकुलता एक. "इथल्या मतदार यादीत माझं नावसुद्धा नाही."

"तुला मत द्यायला कोण सांगतंय? तू फक्त घे."

"फेस्टस, निवडणूक आहे ही," इसिल्मा म्हणाली. "मासे नव्हेत, डोळे बघून घ्यायला."

इसिल्मा ही एल्फर्डची थोरली बहीण. एकतीस वर्षं शाळेत, त्यातली चौदा मुख्याध्यापिका. घरचे सोडून सारा मतदारसंघ तिला टीचर म्हणायचा, आणि घरातही एल्फर्डची बायको व्हर्लीन लग्नाच्या दिवसापासून आजतागायत टीचरच म्हणत आली होती. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे इसिल्माला छत्तीस वर्षांत उमगलं नव्हतं.

"माझं नाव द्या," इसिल्मा म्हणाली. "उगाच लाजून काय करू? सोळा वर्षं त्याची भाषणं कोण लिहीत होतं? केळीच्या नुकसानीवर तो संसदेत बोलला आणि विरोधकांनी डोळे पुसले, ते कुणाचं होतं? तो फक्त उभा राहून वाचायचा. तेही एखादं पान उलटायला विसरायचा."

हे खरं होतं. गावात सगळ्यांना ठाऊकही होतं. या जागेवर तिचा जीव किती अडकला आहे, हे मात्र तिने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. एल्फर्ड निवडून यायचा त्या प्रत्येक रात्री ती सगळ्यांत शेवटी टाळ्या थांबवायची आणि घरी जाऊन एकटी रडायची. आता चौसष्ट वय झालं होतं. पुढची संधी कुणाच्या तरी मरणाचीच असती, आणि घरात मरायला आता तिच्याहून थोरलं कुणी उरलं नव्हतं.

"दे तुझं," फेस्टस म्हणाला. केंडॉल हातचा गेल्यावर त्याचा पक्ष बदलायला वेळ लागला नाही. "पण ब्रेडनट हिलचं काय? गेल्या वेळी आपण अकरा मतांनी आलो. वर डोंगरावर डोराच्या घराण्याची त्रेचाळीस मतं. ती डोळे मिटून एल्फर्डला पडायची. या खेपेला ते म्हणतात, घरीच बसणार."

मग तो थांबला आणि त्याने वहिनीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. व्हर्लीन पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होती. पंख्यावर नवऱ्याचाच फोटो होता, अंत्यविधीत वाटण्यासाठी छापलेला.

"वहिनी, तुमचं दुःख मी समजू शकतो," फेस्टस म्हणाला. "पण रेडिओवर एक नाव वाचू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

व्हर्लीनचा पंखा थांबला. तिने इसिल्माकडे पाहिलं. इसिल्मा मासळीतला काटा शोधत होती, जो तिने मघाशीच काढून ठेवला होता.

आमच्याकडे माणूस डॉक्टरने सांगितल्यावर मरत नाही, रेडिओवर वाचल्यावर मरतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मृत्यूच्या सूचना सुरू झाल्या की बेटभर चुलीची आच मंद होते. अमुक गावचे तमुक, ज्यांना लोक या टोपणनावाने ओळखत, त्यांच्या मागे कोण कोण आहे. मुलं, भावंडं, भाचे, परदेशातले, गावातले, अगदी नेहमी पाणी आणून देणारी शेजारीणसुद्धा. कुणाचं नाव आधी आलं, कुणाचं नंतर, यावर पुढे आठवडाभर चर्चा चालते. आणि शेवटी तेच ते वाक्य येतं, 'आणि इतर अनेक नातेवाईक, ज्यांची नावे सांगणे शक्य नाही.' त्या वाक्यात ज्याला टाकलं तो पुन्हा त्या घराचा उंबरा चढत नाही.

एल्फर्डच्या यादीत सत्तेचाळीस नावं होती. लंडनची एक चुलत बहीण होती, जी स्वतःच दोन वर्षांपूर्वी वारली होती. नव्हती ती जसिंथा. ब्रेडनट हिलच्या डोरापासून झालेली एल्फर्डची मुलगी, वय एकतीस. अंत्यविधीच्या दिवशी ती आपल्या व्हॅनमध्ये अख्खं घराणं भरून डोंगरावरून निघाली होती. चर्चच्या फाटकाशी आली तेव्हा व्हॅनच्या रेडिओवर एल्फर्डची सूचना शेवटची वाचली जात होती. तिने ती पूर्ण ऐकली, व्हॅन वळवली आणि सगळ्यांना परत वर घेऊन गेली.

*

साडेतीनला खाली हॉर्न वाजला तेव्हा केंडॉल सगळ्यांच्या आधी उठला. जसिंथाला बोलावून आणणारा तोच होता. काल तो डोंगर चढून गेला होता, तिच्या अंगणात अर्धा तास उभा राहिला होता, आणि तिने त्याला बसायला सांगितलं नव्हतं, पण मॉबीचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या कडू सरबताचा, पेला मात्र दिला होता. त्याने तो तोंड वाकडं न करता संपवला. त्यावरच बहुधा ती यायला तयार झाली असावी.

तिच्या प्रवासी व्हॅनच्या कपाळावर, इथे सगळ्याच व्हॅनवर काही ना काही असतं तसं, मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: मी सांगितलं होतं.

जसिंथा उतरली आणि व्हरांड्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभी राहिली. फेस्टसने पोस्टरचं जे म्हटलं ते किती चुकीचं होतं, हे केंडॉलला तेव्हा कळलं. बाबांचे कान होते तिला. बाबांसारखंच एका पायावर भार टाकून उभं राहणं होतं. पोस्टर छापायचं तर हिचं छापायला हवं होतं.

"वर ये ना," तो म्हणाला.

"इथं बरं वाटतं. सावली आहे."

सावली नव्हती. व्हर्लीन उठली, आत गेली आणि ताटात नीरफणस, मासळी आणि काळ्या केकचा चांगला मोठा तुकडा घेऊन आली. पायऱ्या उतरून तिने ते स्वतः जसिंथाच्या हातात दिलं. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. हे कुणाच्याच हिशेबात बसत नव्हतं.

"तूच उभी राहा, जसिंथा," फेस्टस एकदम म्हणाला. एवढ्या दुपारीच हा त्याचा तिसरा उमेदवार. "त्रेचाळीस घरची, वर एल्फर्डचं रक्त. वकील पळतच सुटेल."

इसिल्माच्या हातातला काटा-चमचा खाली पडला.

"मला खुर्ची नको, काका," जसिंथा म्हणाली. "माझ्या व्हॅनमध्ये पंधरा आहेत. त्यांवर बसणारे मला रोज शिव्या देतात, तेवढं पुरे आहे."

"मग काय हवं?"

जसिंथाने केकचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "चाळिसाव्यानंतर रेडिओवर आभाराची सूचना जाते. त्यात माझं नाव हवं. इतर अनेकांत नाही, मुलांत. माझी तीन पोरं नातवंडांत. आणि दुसरं. आधीच्या यादीतून नाव ज्याने काढलं त्याने वर येऊन माझ्या आईला तोंडाने सांगावं. कागद नको, चिठ्ठी नको. दारात उभं राहून सांगावं."

"कुणी काढलं ते सगळ्यांना माहीत आहे," फेस्टस पुटपुटला आणि पुन्हा वहिनीकडे पाहू लागला.

आईची बाजू घ्यावी असं केंडॉलला वाटलं. पण काय बोलणार? चाळीस दिवस त्यालाही तेच वाटत होतं. आईला विचारायचं धैर्य त्याला झालं नव्हतं, आणि आपल्याला ते झालं नाही याची त्याला आत्ता पहिल्यांदा लाज वाटली.

*

व्हर्लीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

एल्फर्ड गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पलंगावर पडून होती आणि इसिल्मा उशाशी वही घेऊन बसली होती. व्हर्लीनने नावं सांगितली. मुलगा केंडॉल. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, मुलगी जसिंथा. इसिल्माने मान वर केली तेव्हा तिने पुन्हा सांगितलं, जसिंथा, ब्रेडनट हिलची. हे नाव तोंडातून काढायला तिला एकतीस वर्षं लागली होती. त्या पोरीचा काही गुन्हा नाही, हे कळायला मात्र पहिली पाचच पुरली होती. दर नाताळात डोंगरावर एक काळा केक जायचा, फडक्यात बांधून, पाठवणाऱ्याचं नाव न सांगता. डोराचं फडकं धुऊन, घडी घालून परत यायचं. दोघी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मग रेडिओ लागला आणि नाव आलं नाही. वाट बघू, असं व्हर्लीनने ठरवलं. टीचर आज सांगतील, उद्या सांगतील. टीचर सांगेनात. बाजारात बायका तिच्याकडे पाठ करून कांदे निवडू लागल्या. मेल्यावर तरी मन मोठं करायला हवं होतं, असं तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलू लागल्या.

शेवटी शुक्रवारी तिने स्वतः रेडिओला फोन लावला आणि आभाराची सूचना तोंडी सांगितली. आज, रविवारी, सव्वाचारला वाचायची. त्यात जसिंथा मुलांमध्ये होती. तिची तीन पोरं होती. डोरा होती. कुत्र्यांचा डॉक्टर होता. आणि एक नाव व्हर्लीनने जाणूनबुजून घातलं नव्हतं. एल्फर्ड पॉम्पीच्या थोरल्या बहिणीचं.

शुक्रवारी तिला फार मजा वाटली होती. फोन ठेवून ती एकटीच हसली होती. आज त्या मजेचं ओझं झालं होतं, कारण सव्वाचारला क्वॅशी इथंच बसलेला असणार, आणि एकमत हवं म्हणणाऱ्या माणसासमोर ते वाचलं जाणार.

'एक संधी देते,' तिने मनाशी म्हटलं. मोठ्याने म्हणाली, "मीच जाते वर. डोराला सांगते, माझ्याकडून राहिलं. झालं का सगळ्यांचं समाधान?"

"बघा, याला म्हणतात मोठं मन," फेस्टस म्हणाला. "इसिल्माचं तिकीट पक्कं."

*

तिकीट खरोखरच पक्कं होतं. इसिल्माने फक्त गप्प बसायचं होतं. व्हर्लीन तिच्या जागी डोंगर चढणार, तिच्या जागी मान खाली घालणार, त्रेचाळीस मतं खाली येणार. सोळा वर्षांची वाट संपणार. फक्त एक घोट पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं.

ती पाणी प्यायली.

"बस खाली, व्हर्लीन," ती म्हणाली. "नाव मी काढलं."

फेस्टस मासळी चावायचा थांबला.

"हिने मला दोनदा सांगितलं होतं. मी लिहिलं आणि खोडलं." मुख्याध्यापिकेचा आवाज लावायचा तिने प्रयत्न केला, पण तो लागेना. "मला वाटलं, पोटनिवडणूक लागणार. चर्चची माणसं कुजबुजणार, पॉम्पींच्या घरात काय काय आहे म्हणून. माझं तिकीट जाईल. एल्फर्डला अजून शवपेटीत ठेवलं नव्हतं आणि मी पोस्टरचा विचार करत होते. मग सगळ्यांना वाटलं व्हर्लीनने काढलं, आणि मी वाटू दिलं. चाळीस दिवस. लाज वाटते मला."

 केंडॉल उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

जसिंथाने ताट पायरीवर ठेवलं. "आईला सांगाल?"

"आजच."

"दारात?"

"दारात. तिकीट मिळो, न मिळो."

 जसिंथाने मोडलेला केक तोंडात टाकला. "मग त्रेचाळीस," ती म्हणाली आणि एक पायरी वर येऊन बसली.

नेमका तेव्हाच ऑब्रे क्वॅशी छत्री मिटत फाटकातून आत आला. चारला येणारा माणूस चार वाजून दहा मिनिटांनी आला, म्हणजे आमच्याकडे तो लवकरच आला म्हणायचं. त्याने सगळ्यांना 'गुड आफ्टरनून' केलं, वही उघडली आणि विचारलं, "एकमत?"

"एकमत," फेस्टस म्हणाला. "मी तर पहिल्यापासून इसिल्माच म्हणतोय."

क्वॅशी लिहू लागला. व्हर्लीन घाईघाईने उठली आणि खिडकीतल्या रेडिओकडे निघाली.

"बंद करू नका," जसिंथा म्हणाली. "सूचनांची वेळ झाली. आजच आहे का आमची?"

"आहे, पण नंतर ऐकू. परत लागते ती."

"मी आधीच्या खेपेला पूर्ण ऐकली होती," जसिंथा म्हणाली. "हीपण ऐकते."

 व्हर्लीन रेडिओजवळ तशीच उभी राहिली, हात बटणापासून वीतभर दूर.

बाईचा गंभीर आवाज सुरू झाला. काँब बे येथील दिवंगत एल्फर्ड पॉम्पी, जे 'स्किपर' या नावाने ओळखले जात, यांच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे कुटुंबीय आभारी आहेत. पत्नी व्हर्लीन. मुलगा केंडॉल, टोरांटो. मुलगी जसिंथा, ब्रेडनट हिल.

जसिंथाने डोळे मिटले. पुढची नावं आली तेव्हाही ते मिटलेलेच होते. तिची तीन पोरं आली. मिस डोरा आणि कुटुंबीय आले. भाऊ फेस्टस आला, त्याने कॉलर नीट केली. भाचे आले, पुतणे आले, चर्चमधल्या गायिका आल्या, कुत्र्यांचा डॉक्टर आला. लंडनची ती वारलेली चुलत बहीणही पुन्हा आली.

इसिल्मा वाट पाहत होती. भावाच्या पुढे-मागे असेल असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, शेवटी असेल, मानाने वेगळं घेतलं असेल. मग आवाज म्हणाला, 'आणि इतर अनेक नातेवाईक, ज्यांची नावे सांगणे शक्य नाही,' आणि ऑर्गन वाजू लागला.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पहिला विचार आला की रेडिओवाल्यांची चूक असेल. दुसरा आला की खाली बाजारात, बंदरावर, रमच्या दुकानात, प्रत्येक घरात आत्ता कुणीतरी पळी हातात धरून थांबलं असेल आणि म्हणालं असेल, टीचर राहिल्या की. तिसरा विचार यायला थोडा वेळ लागला. चर्चच्या फाटकाशी, भरलेल्या व्हॅनमध्ये, पोरांच्या देखत जसिंथाला नेमकं असंच झालं असेल.

क्वॅशीचं पेन थांबलं होतं. "मिस इसिल्मा, तुमचं नाव ऐकल्यासारखं वाटलं नाही. हे... एकमत म्हणायचं का?"

"शुक्रवारी सांगितली होती मी यादी," व्हर्लीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं, दोन्ही एकदम. "तुम्ही आज बोललात, टीचर. आधी बोलला असतात तर..."

"काही सांगू नकोस," इसिल्मा म्हणाली. "यादी अशी करायला मीच शिकवलं." आणि मग, कुणाला वाटलंही नव्हतं, ती हसू लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवून. "कुत्र्यांचा डॉक्टर, व्हर्लीन? आपल्याकडे कुत्रा तरी आहे का?"

"होता की. त्र्याण्णव साली."

फेस्टसला आता हसायला परवानगी मिळाल्यासारखं झालं. केंडॉलही हसला. क्वॅशी एकेकाचं तोंड बघत राहिला.

"लिहा, मिस्टर क्वॅशी," व्हर्लीन म्हणाली. "एकमत शुक्रवारी नव्हतं. आता आहे."

*

व्हॅन डोंगर चढू लागली तेव्हा पाच वाजले होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर इसिल्मा चर्चची हॅट घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. प्रत्येक वळणावर जसिंथा हॉर्न वाजवायची आणि उतरणीवरचे लोक वाकून आत बघायचे. काहींनी हात हलवले. एक म्हातारा ओरडला, "टीचर, रेडिओवर तुमचं नाव राहिलं हो."

"ऐकलं मी," इसिल्मा खिडकीतून म्हणाली.

तिने वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. चांगली होती. केळीवरच्या भाषणासारखी, शेवटी आवाज उतरवायची. ब्रेडनट हिलचं पहिलं घर दिसलं तशी ती तिन्ही डोक्यातून निघून गेली.

जसिंथाने व्हॅन थांबवली, इंजिन बंद केलं आणि पुढे बघतच म्हणाली, "ती चावत नाही, टँटी. फक्त मॉबी देते."

आत्या म्हणून तिने पहिल्यांदाच हाक मारली होती. इसिल्माने मान हलवली आणि उतरली.

डोरा दारातच उभी होती, हात एप्रनला पुसत. तिच्यामागे खिडक्यांत, पायरीवर, आंब्याच्या बुंध्याशी माणसं होती. ती त्रेचाळीस असावीत. रेडिओ सगळ्यांनीच ऐकलेला होता.

इसिल्मा अंगणाच्या मध्यावर थांबली. हॅट काढून हातात घेतली.

"डोरा," ती म्हणाली, "जसिंथाचं नाव मी खोडलं होतं. व्हर्लीनने नाही, मी. चुकले." मग उमेदवार म्हणून काहीतरी पुढे बोलायला हवं, हे तिला आठवलं, आणि सोळा वर्षं दुसऱ्याची भाषणं लिहिलेल्या बाईला स्वतःचं एकच वाक्य सुचलं. "मी एल्फर्डची बहीण. इतर अनेकांतली."

डोराने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती दारातून बाजूला सरकली.

"या आत, टीचर," ती म्हणाली. "चाळीस दिवस आम्हीही तिथंच होतो."